जानेवारीत कुंडी फेकू नका



गेल्या रविवारी उपासनेनंतर चहा चालू होता. आमच्या पास्टरेट कमिटीतल्या एका भावांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "ताई, आवारातल्या त्या वाळक्या कुंड्या या आठवड्यात काढून टाकू. सगळं मेलंय. आपण स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात राहतो आणि चर्चच्या दारात ही कळा!" मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कप विसळून ठेवला आणि घरी आले. पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही. कारण पुढच्या मीटिंगच्या कागदावर कुंड्यांच्या खाली दुसरा विषय लिहिलेला मी पाहिला होता. बरेच दिवस न आलेल्या आणि वर्गणी न भरलेल्या लोकांची नावं सभासद यादीतून कमी करणे.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही दोन्ही कामं जानेवारीत करू नयेत. आणि दुसरं काम तर पहिल्याहून जास्त जपून करावं. ते का, हे मला कुंड्यांनीच शिकवलं, म्हणून आधी कुंड्यांबद्दल बोलते.

आमचं इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. कोकणातून किंवा गोव्यातून इथे आलेल्या पाहुण्यांना डिसेंबरची दुपार फार आवडते. रात्र मात्र वेगळी असते. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला, की दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात, नसले तर पहाटेपर्यंत सगळं उघडं. अशा रात्री शेतातला हरभरा, बटाटा, टोमॅटो, पपई यांचा जीव टांगणीला लागतो. इकडचे शेतकरी त्या गोठलेल्या दंवाला "पाला" म्हणतात.

या शब्दानेच माझी पहिली फजिती केली. अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या बागेची सेवा माझ्याकडे आली. पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी माळीदादा म्हणाले, "दीदी, आज रात पाला गिरेगा." मी आपली मराठी घरातली. पाला म्हणजे झाडाची पानं एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "गिरने दो, सुबह झाड़ू लगा देंगे." ते माझ्याकडे बघतच राहिले. सकाळी जाऊन पाहते तर क्रोटनची रंगीत पानं काळवंडून लोंबत होती, मनीप्लांट उकडलेल्या भाजीसारखा झाला होता, आणि शोभेच्या अळवाची, म्हणजे कॅलेडियमची, नुसती देठं उरली होती. मी सगळं उपटलं, पोत्यात भरलं आणि कचरागाडीत दिलं. चौदा कुंड्या रिकाम्या केल्या. आज मला माहीत आहे, त्या चौदांपैकी निम्म्याहून जास्त झाडं जिवंत होती.

ही झाडं मुळातच आपल्याकडच्या थंडीची नाहीत. पानसेटिया मेक्सिकोचा, डेलिया आणि निशिगंधही तिकडचेच. कॅलेडियम दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, ओल्या जंगलातलं. अडेनियम आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या, तापलेल्या भूमीतलं. ही सगळी वर्षानुवर्षं जगणारी आहेत, पण गारठा सोसत नाहीत. मग ती काय करतात? आपलं बाहेरचं सगळं सोडून देतात. पानं गाळतात, वाढ थांबवतात, आणि जीव खाली कंदात, खोडात, मुळांत नेऊन ठेवतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. पण ते झाड मेलेलं नसतं. ते आपलं जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवत असतं.

मेलंय की निजलंय, हे ओळखायची एक साधी रीत माळीदादांनी मला दाखवली. फांदीवर नखाने हलकंच खरवडायचं. सालीखाली हिरवा ओला पदर दिसला, की झाड जिवंत. वरची फांदी तपकिरी निघाली तर खाली या, आणखी खाली या, बुंध्यापर्यंत या. अडेनियमचा फुगीर बुंधा दाबून बघा. टणक असेल तर काळजी नाही, मऊ पडला असेल तर कुजलाय. कॅलेडियमचा कंद माती बाजूला करून पाहा. घट्ट असेल तर तशीच माती लोटून ठेवा. या तपासणीला एका कुंडीमागे एक मिनिट लागतं. पण वाकावं लागतं, आणि बोटं मातीत घालावी लागतात. उभ्याउभ्या, चहाचा कप हातात धरून ती होत नाही.

मग हिवाळाभर करायचं काय? फार थोडं. कुंड्या उघड्यावरून उचलून दक्षिणेकडच्या भिंतीलगत एकमेकींना चिकटून ठेवायच्या. विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. संध्याकाळी जुनी चादर किंवा गोणपाट काठ्यांवर टाकायचं आणि सकाळी ऊन आलं की काढायचं. प्लास्टिक पानांना टेकू द्यायचं नाही. कुंडीत वाळलेल्या पानांचा जाड थर पसरायचा. गंमत बघा, हिंदीतल्या पाल्यावर औषध म्हणजे मराठीतला पाला! पानं गाळलेल्या झाडांना पाणी अगदी कमी द्यायचं. कॅलेडियमला तर बंदच. खत देऊ नये. आणि कात्री मुळीच लावू नये. काळवंडलेली फांदी वाईट दिसते हे खरं, पण तीच खालच्या डोळ्यांवर पांघरूण घालून असते. शिवाय छाटलं की झाड जोर करून कोवळी फूट काढतं, आणि पुढच्या गार रात्री ती कोवळी फूटच आधी जाते. छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस, गारठा सरल्यावर.

पहिल्या वर्षाच्या उतावळेपणानंतर दुसऱ्या वर्षी मी उलटी चूक केली, तीही सांगते. एका अडेनियमवर माझा फार जीव होता. त्याची पानं गळाली तशी मी घाबरले. रोज सकाळी पाणी, दर आठवड्याला खत, वर मोहरीची पेंडही. प्रार्थनासुद्धा केली, हसू नका. महिन्याभरात बुंधा लोण्यासारखा मऊ झाला. त्या झाडाला थंडीने मारलं नाही. माझ्या मायेने मारलं. निजलेली मुळं पाणी पीत नाहीत, आणि न प्यायलेलं पाणी मुळांशी साचून कुजवतं.

आता मंडळीबद्दल.

प्रियांनो, आपल्या सगळ्यांच्या मंडळीत अशी माणसं आहेत, ज्यांची पानं गळून गेली आहेत. मी इंदुरात बसून लिहिते आहे, पण बेळगावची, वडोदऱ्याची, हैदराबादची मंडळी वाचत असेल तर तुमच्याही डोळ्यांसमोर कोणी ना कोणी आलं असेल. कोणाचा घरधनी गेला. कोणाची नोकरी सुटली आणि दानपेटी समोर आली की मान खाली घालायला नको म्हणून त्याने येणंच सोडलं. कोणाच्या मुलीने घरच्यांना न विचारता लग्न केलं आणि आपण तिच्या आईकडे अशा नजरेने पाहिलं, की ती बाई पुन्हा बाकावर बसली नाही. हे सगळे एकेकाळी गायनमंडळात होते, शब्बाथ शाळेत शिकवत होते, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाले होते. मग एका रात्री त्यांच्यावर पाला पडला. आणि आम्ही सकाळी झाडू घेऊन आलो.

मीटिंगच्या कागदाबद्दल मी बोलले, तेव्हा त्या भावांनी मला योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय दाखवला. फळ न देणारा फाटा काढून टाकला जातो, हे वचन. वचन खरंच आहे, त्यापुढे मी कोण? पण तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. तिथे माळी कोण आहे? बाप आहे. पास्टरेट कमिटी नाही. आपण त्या वेलाचे फाटे आहोत. एका फाट्याने दुसऱ्या फाट्यावर कात्री चालवावी असं तिथे कुठेही सांगितलेलं नाही.

आणि मालकाच्या बागेत आपल्यासारख्या चाकरांनी कसं वागावं, हे प्रभूने दुसरीकडे स्पष्ट सांगितलं आहे. लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला आठवा. मालक तीन वर्षं येतो, फळ मिळत नाही, आणि तोडून टाक म्हणतो. त्याचं बोलणं चुकीचं नाही, झाड जागा अडवून बसलं आहे. पण माळी मध्ये पडतो. या वर्षी राहू द्या म्हणतो. नुसतं राहू द्या म्हणून थांबत नाही, मी त्याच्याभोवती खणीन, खत घालीन म्हणतो. म्हणजे मुदत झाडाला मिळते आणि काम माळ्याच्या अंगावर येतं. हे मला त्या दाखल्यातलं सगळ्यात कठीण वाटतं. आपण मुदत देतो तेव्हा समोरच्याने सुधारावं म्हणून देतो. माळ्याने मुदत मागितली ती स्वतः खणण्यासाठी.

आमच्या शहराला तर या बाबतीत लाजच वाटायला हवी. सर अल्बर्ट हॉवर्ड नावाचे शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इथेच काम करत होते. शेतातला पालापाचोळा, काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून त्याचं खत करायची त्यांची पद्धत जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली गेली. लोक टाकून देत होते त्यात त्यांना पुढच्या पिकाचं अन्न दिसलं. आणि त्याच इंदुरात आम्ही निजलेलं झाड कचरागाडीत देतो. स्वच्छता मलाही प्रिय आहे, झाडू मीही मारते. पण मोकळी, लखलखीत जागा म्हणजे बाग नव्हे, आणि नीटनेटकी यादी म्हणजे मंडळी नव्हे.

आता दुसरी बाजूही मांडते, कारण ते भाऊ काही दगडाचे नाहीत. ते म्हणाले, "ताई, काही झाडं खरंच मेलेली असतात. आणि यादीही खरी हवी. गाव सोडून गेलेल्यांची, दुसऱ्या मंडळीत सामील झालेल्यांची नावं ठेवून आपण कोणाला फसवतो? उद्या मतदानाच्या वेळी गोंधळ होतो." हे अगदी बरोबर आहे. दरवर्षी माझीही चार-पाच झाडं खरंच जातात, आणि ती मीच काढते. अंजिराच्या दाखल्यातली मुदतही एका वर्षाची आहे, जन्मभराची नाही. कधीच काही काढू नका, असं मी म्हणत नाही. नखाने खरवडल्याशिवाय काढू नका, आणि गारठ्यात काढू नका, एवढंच म्हणते.

माणसाच्या बाबतीत नखाने खरवडणं म्हणजे काय? त्याच्या घरी जाणं. रजिस्टर उघडून किती रविवार चुकले ते मोजणं नव्हे. पण तिथेही माझ्या अडेनियमची गोष्ट विसरू नका. गेल्या वर्षी मी ती पुन्हा विसरले. आमच्या गायनमंडळात तबला वाजवणारा एक तरुण भाऊ होता. त्याच्या घरी मोठं दुःख झालं, आणि तो यायचा थांबला. आम्ही सात जण मिळून त्याच्या घरी गेलो. गाणं म्हटलं, लांब प्रार्थना केली, दोघांनी वचनातून समजावलं, आणि निघताना मी स्वतः विचारलं, "मग येत्या रविवारी नक्की ना?" तो मान हलवत राहिला. त्यानंतर फोन उचलेना. आम्ही त्याच्या निजलेल्या मुळांवर सात बादल्या पाणी ओतून आलो होतो.

यंदा नाताळात पाळकीणबाईंनी मला म्हटलं, नुसता फराळ देऊन ये, बसू नको. मी डब्यात करंज्या, चकल्या आणि थोडा केक घेतला. दारातच दिला, "नाताळच्या शुभेच्छा, भाऊ" म्हटलं आणि जिना उतरले. उपासनेचं नाव काढलं नाही. फार जड गेलं मला, खोटं कशाला सांगू? चार दिवसांनी त्याची आई डबा घेऊन माझ्या दारात. आत तिळाच्या वड्या होत्या. डबा रिकामा परत देऊ नये, ही आपल्या आयांची शिकवण त्या घरात अजून जिवंत आहे. तो भाऊ अजून उपासनेला आलेला नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. पण त्याचं नाव त्या कागदावर आहे, आणि सालीखालचा हिरवा पदर मी पाहून आले आहे. ज्यांनी तो कागद तयार केला त्यांनी तो पाहिलेला नाही.

एक शब्द वेदीजवळच्या पानसेटियांबद्दल. दर नाताळाला आपण लाल पानांच्या कुंड्या विकत आणतो आणि एपिफनीनंतर फेकतो. ते लाल म्हणजे फुलं नव्हेत, पानंच आहेत. खरी फुलं मधल्या बारीक पिवळ्या गोंड्यात असतात. लाली उतरल्यावर ही झाडं ठेवा. मार्चमध्ये वीतभर राखून छाटा, मात्र चीक हाताला लागू देऊ नका. मग नवी माती द्या. आणि ऑक्टोबरपासून त्यांना रात्रीच्या दिव्यांपासून लांब ठेवा. या झाडाला लाल व्हायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. घरात ठेवणारे लोक त्याला रोज सुमारे १४ तास अंधार देतात. गेल्या वर्षी आमची एक कुंडी फाटकाच्या मोठ्या दिव्याखाली राहिली. तिची सगळी काळजी घेतली, पाणी दिलं, खत दिलं, आणि नाताळला ती हिरवीच! मागच्या खोलीजवळच्या काळोखात विसरलेली कुंडी मात्र पेटल्यासारखी लाल. काही माणसांना प्रभू काळोखात का ठेवतो ते मी सांगू शकत नाही. पण तिथे त्यांचं काहीच चाललेलं नाही, असं मी आता म्हणणार नाही.

तर कमिटीपुढे माझी विनंती अशी आहे, आणि तुमच्या मंडळीतही मांडता आली तर मांडा. कुंड्या ईस्टरपर्यंत भिंतीलगत राहू द्या. त्या कुरूप दिसतात म्हणून पाहुणे नाराज होत असतील, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. यादीचंही तेच. ईस्टरपर्यंत एकही नाव कापू नका. यादीतली नावं आपसात वाटून घ्या, एकाकडे दोन किंवा तीन, जास्त नकोत. ज्याच्या वाट्याला जे नाव येईल त्याने त्या घरी किमान दोनदा जावं, एकट्याने किंवा जोडीने, मोकळ्या हाताने नाही आणि भरल्या तोंडाने नाही. वर्गणीचा विषय काढू नये. जो खरंच दुसऱ्या मंडळीत गेला असेल, त्याला आनंदाने पत्र द्यावं. जो नको म्हणेल, त्याच्या शब्दाचा मान राखावा. त्यानंतर कमिटीने बसावं. ज्या नावाच्या घरी कोणीही गेलं नसेल, ते नाव कापायचा हक्क कमिटीला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते मी मीटिंगमध्येही उभं राहून सांगणार आहे.

माझ्या वाट्याला तीन नावं द्या. तबलावाल्या भावाचं नाव मी आधीच मागून ठेवते.

ईयोबाने दुःखाच्या राखेत बसून तोडलेल्या झाडाची आठवण काढली होती. जमिनीत त्याचं मूळ जुनं झालं तरी पाण्याच्या नुसत्या वासाने ते फुटतं, असं तो म्हणाला. माणसासाठी त्याला तशी आशा दिसत नव्हती. आपल्याला दिसते, कारण इशायाच्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्याचा जन्म आपण परवाच साजरा केला. त्या जन्मासाठी आणलेल्या कुंड्या फेकताना निदान हे आठवावं.

आज पहाटे मी गोणपाट काढायला गेले तेव्हा दंव होतं. माळीदादा आले होते. ते मागच्या हिवाळ्यात मी मेला म्हणून सोडलेल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी वाकून काहीतरी खरवडत होते. मी विचारलं नाही. तेही काही बोलले नाहीत. त्यांनी थोडा पाला ओंजळीने उचलला, बुंध्याशी नीट पसरला आणि पुढच्या कुंडीकडे गेले.

प्रभू आपणा सर्वांना राखो. आमेन.